मशीनच्या पाठीवर काय लिहिलंय?

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाची गोष्ट’ या सदरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी तव्यावर असेल तर ती करपू देऊ नका. कान मात्र इकडे द्या.

आज मी साउंडबद्दल बोलणार आहे. हो, साउंडच. लग्नात, सप्ताहात, हळदी-कुंकवाला लागतो तो स्पीकर, त्याचं मशीन आणि त्याच्या वायरी. तुम्ही म्हणाल, पापड, शेळीपालन, गांडूळखत सोडून ही ताई आज कुठे निघाली? सांगते. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागातल्या बऱ्याच गटांनी मंडप, भांडी, खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. खुर्च्यांच्या मागोमाग साउंड येतोच, कारण गिऱ्हाईक म्हणतं, सगळं एकाच ठिकाणी मिळू दे. आमच्या गटानेही साउंड घेतला. आणि तिसऱ्याच महिन्यात तो जाळला. त्यात आमचं काय चुकलं आणि त्यातून आम्ही काय शिकलो, तेवढंच आज सांगते.

आमचा गट १२ जणींचा. बँकेचं ९०,००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला ४,२०० चा हप्ता, २४ महिने. त्यात मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे बॉक्स, एक मिक्सर, दोन माईक, स्टँड आणि वायर आली. दुकानदाराने सगळं जोडून दाखवलं, गाणं वाजवलं. आम्ही नारळ फोडला. चालवायला खजिनदार ताईंचा पुतण्या, बारावी झालेला, हुशार पोरगा. त्याने पैसे मागितले नाहीत, आम्हीही दिले नाहीत. आमच्यातल्या एकीनेही जोडणीला हात लावला नाही. ते पोरांचं काम, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

शेजारच्या गावात सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनाची ऑर्डर, ३,००० रुपये भाडं. गर्दी मोठी, म्हणून यजमान म्हणाले की आवाज मागपर्यंत गेला पाहिजे. पुतण्याने ओळखीच्या मंडपवाल्याकडून आणखी दोन बॉक्स आणले. लांब वायर एकच होती. म्हणून त्याने मशीनच्या एकाच बाजूला पहिला बॉक्स लावला, त्याच्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. आवाज आला. लोक खूश. थोड्या वेळात मशीनवरचा लाल दिवा लागला आणि आवाज बंद. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. चाललं. पुन्हा बंद. पुन्हा चालू. ऐन काल्याच्या वेळी जळका वास आला आणि सगळं ठप्प. देवळाच्या जुन्या भोंग्यावर कीर्तन पुरं झालं. आम्ही मंडपाच्या कडेला पदर तोंडाला लावून उभ्या.

मशीनच्या दुरुस्तीला ८,२०० लागले, एका बॉक्सच्या कॉईलला ३,०००. भाड्याचे ३,००० आलेच नाहीत. एकूण १४,२०० चा फटका, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास १,२०० रुपये. पुढच्या मीटिंगमध्ये काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. एकीने पुतण्याला बोल लावला. खजिनदार ताई रडल्या. दुसरीच्या घरून निरोप आला की, हे बायकांचं काम नाही, विकून टाका. तिने बचत काढून घेतली आणि गट सोडला. ती अजून परत आलेली नाही. मला आजही ते लागतं, कारण तिला गटात मीच आणलं होतं.

मग मी आणि आमच्या अध्यक्षा मशीन घेऊन तालुक्याला एका जुन्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी मशीन उघडलंसुद्धा नाही. आधी उलटं करून मागची बाजू आमच्यासमोर धरली. म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या ना? वाचा.” मागे लिहिलं होतं : एका बाजूला कमीत कमी ४ ओहम. बॉक्सच्या मागे लिहिलं होतं : ८ ओहम. मी बी.ए. झालेली. कर्जाच्या कागदाची ओळ न् ओळ वाचून सही करते, गटातल्या सगळ्यांना तेच सांगते. पण ९०,००० च्या वस्तूच्या पाठीवरची दोन ओळी मी वाचली नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये मी पुतण्याची माफी मागितली. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, आपल्या गटाची जशी पंचसूत्री असते, तशी चाचांकडून शिकलेली साउंडची पंचसूत्री सांगते. वही-पेन असेल तर घ्या.

पहिलं सूत्र, ओहम.

ओहम हे माप जॉर्ज ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाच्या नावावरून पडलं. कुलुपं बनवणाऱ्याचा तो मुलगा. विजेच्या वाटेत किती अडथळा आहे, ते ओहममध्ये मोजतात. आकडा मोठा म्हणजे अडथळा जास्त, वीज कमी वाहते. आकडा लहान म्हणजे वाट मोकळी, वीज जास्त वाहते आणि मशीनवर ताण जास्त.

आता डीपीचं उदाहरण घ्या. शेतातल्या एका डीपीवर ठरावीक मोटारी चालतात. त्याच तारेवर आणखी चार जणांनी आकडे टाकले की काय होतं? डीपी जळतो. बॉक्सचं तसंच आहे. ८ ओहमचा एक बॉक्स लावला तर मशीनला ८ ओहम दिसतात. त्याच तारेवर, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस धरून, दुसरा ८ चा लावला तर बेरीज होऊन १६ होत नाहीत, उलट निम्मे होऊन ४ होतात. चार बॉक्स लावले तर ८ भागिले ४, म्हणजे २ ओहम. आमचं मशीन कमीत कमी ४ मागत होतं, आम्ही त्याला २ दिले. लाल दिवा लावून ते बिचारं सांगत होतं की मला झेपत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा चालू केलं. आतले ट्रान्झिस्टर जळाले, आणि जळता जळता त्यांनी बॉक्समध्ये सरळ वीज सोडली, म्हणून कॉईलही गेली.

खरं तर ते चार बॉक्स आमच्या मशीनवर चालले असते. मशीनला दोन बाजू आहेत. दोन बॉक्स या बाजूला, दोन त्या बाजूला, म्हणजे दोन्हीकडे ४ ओहम. फक्त आणखी एक लांब वायर हवी होती. वायरीसाठी आम्ही १४,२०० घालवले.

हिशोब सोपा आहे. सारखेच बॉक्स असतील तर बॉक्सवरच्या ओहमला बॉक्सच्या संख्येने भागा. उत्तर मशीनच्या कमीत कमी आकड्याएवढं किंवा त्याहून मोठं असलं पाहिजे. लहान आलं तर जोडू नका.

हा नियम फक्त मंडपापुरता नाही. माझा मावसभाऊ पुण्याला नोकरीला आहे, त्याला गाण्याचं फार वेड. त्याने घरात ऐकायला भारी स्पीकरची जोडी घेतली, आमच्या सगळ्या सामानापेक्षा महाग. ती ४ ओहमची. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच होता, त्यावर लिहिलेलं, ६ ते १६ ओहम. हळू आवाजात सगळं छान. दिवाळीला पाहुणे आले, आवाज वाढवला, की मशीन तापून बंद. तो समजायचा की स्पीकरच खराब निघाले. मी फोनवर त्याला पाठ वाचायला लावली, तेव्हा उलगडा झाला. पैसा कितीही घाला, जोडी जुळली पाहिजे. स्थळ बघताना आपण दोन्हीकडची माणसं बघतो, तसं दोन्हीकडचे आकडे बघायचे.

दुसरं सूत्र, वॅट.

खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारात वॅट लिहिलेले असतात. त्याच्यापुढे पीएमपीओ अशी अक्षरं दिसली तर तो आकडा सोडून द्या. तो कागदावरचा मोठेपणा. आपल्याला बघायचा तो आरएमएस वॅट. मशीन किंवा बॉक्स सतत जेवढं पेलू शकतं, तो हा आकडा. काही बॉक्सवर तीन आकडे असतात : आरएमएस, प्रोग्रॅम आणि पीक. प्रोग्रॅम साधारण आरएमएसच्या दुप्पट, पीक चौपट. बॉक्स तोच असतो. दुकानदार ८०० म्हणाला तर विचारा, “दादा, हे पीक का आरएमएस?” ८०० पीक असेल तर तो २०० चा बॉक्स आहे.

मशीनवरही वॅट ओहमप्रमाणे बदलतात. आमच्या मशीनवर लिहिलंय, ४ ओहमला ३०० वॅट, ८ ओहमला १८०. दुकानदार नेहमी मोठा आकडा सांगतो. आपण आपल्या बॉक्सच्या ओहमचा आकडा विचारायचा. आमचे बॉक्स ८ ओहमचे, २०० आरएमएस. एक एक लावला तर १८० ला २००, जोडी जमली. मशीन बॉक्सएवढं किंवा थोडं जास्त, दीडपटीपर्यंत, असलेलं चांगलं. मात्र जास्तीचं असेल तर आवाज वाढवताना हात सांभाळायचा.

इथे एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, मशीन लहान आणि बॉक्स मोठा असला की बॉक्सला धोका नाही. तसं नसतं. लहान मशीनचा आवाज आपण शेवटापर्यंत फिरवतो, मग आवाज फाटतो. लहान पातेल्यात जास्त दूध तापवलं की उतू जातं, तसं मशीन आपल्या तोंडाबाहेरचा आवाज देऊ शकत नाही, त्याचा वरचा भाग कापला जातो. त्या कापलेल्या, फाटक्या आवाजाने बॉक्समधला बारीक आवाजाचा ट्वीटर आधी जळतो. मशीनवर क्लिप किंवा पीक लिहिलेला दिवा असतो. तो अधूनमधून लुकलुकला तर चालेल, लागूनच राहिला तर आवाज कमी करा. नवरदेवाचा भाऊ काहीही म्हणो.

तिसरं सूत्र, बॉक्सचा गळा.

काही बायकांचा आवाज मुळातच खणखणीत, न ओरडता ओट्यावरून बांधापर्यंत जातो. काहींना ओरडावं लागतं. बॉक्सचंही तसंच असतं. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो, ते डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत लिहिलेलं असतं. एका बॉक्सवर ९४ आणि दुसऱ्यावर ९७ असेल तर फरक ३ चाच दिसतो. पण ९४ च्या बॉक्सला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे ९७ चा बॉक्स १०० वॅटवर जे काम करतो, त्याला ९४ चा २०० वॅट खातो. म्हणून हा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. घरात ऐकायचे चांगले स्पीकर बऱ्याचदा ८६ ते ९० डीबीचे असतात. ते खोलीत गोड वाजतात, पण अंगणातल्या कार्यक्रमाला लावले तर पुरत नाहीत आणि जळतात.

दुसरं असं, की उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने उतरतो. ते भरून काढायचं तर चौपट वॅट लागतात. म्हणून मागच्या बायकांना ऐकू येत नाही म्हणून पुढचा आवाज वाढवत बसू नका. पुढच्या म्हाताऱ्यांचे कान बसतात आणि मागे नुसता गलका पोहोचतो. त्यापेक्षा मंडपाच्या मध्यावर एक बॉक्स ठेवा.

चौथं सूत्र, वायर.

सगळ्यात जास्त काटकसर आपण इथे करतो. वायरीलाही स्वतःचे ओहम असतात. बारीक ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर टाकली, तर जाऊन-येऊन साधारण २ ओहम होतात. पुढे ४ ओहमचा भार असेल तर मशीनच्या ताकदीचा तिसरा हिस्सा वायर तापवण्यातच जातो. तीच वायर २.५ ची घेतली तर दहाव्या हिश्श्याच्याही आत नुकसान. वायर मोजूनमापून, खऱ्या तांब्याची घ्या.

प्लस-मायनस चुकवू नका. एक बॉक्स सुलटा आणि एक उलटा लागला तर एक कागद बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि ढोलकीचा ठोका गायब होतो. ओळखायला दीड व्होल्टचा सेल घ्या. बॉक्सच्या प्लसला सेलचा प्लस क्षणभर टेकवा. मोठ्या स्पीकरचा कागद बाहेर आला पाहिजे. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका. घोंघों आवाज येतो म्हणून पोरं ती कापतात, आणि ओल्या जमिनीवर माईक धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

भोंग्यांचं थोडं वेगळं आहे. गावातल्या बऱ्याच मशीनवर मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे वेगवेगळे स्क्रू असतात. १०० व्होल्टच्या स्क्रूला फक्त ट्रान्सफॉर्मर असलेले भोंगे लावायचे. त्यांचे ओहम न धरता वॅटची बेरीज करायची, आणि बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची. बिनट्रान्सफॉर्मरचा भोंगा तिथे लावला तर तो गेलाच म्हणून समजा. एका मशीनवर दोन्ही प्रकार एकदम लावू नका.

पाचवं सूत्र, शिस्त.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना आधी मशीन, मग बाकीचं. नाहीतर बॉक्समधून धाडकन ठोका बसतो. माईक बॉक्सच्या समोर नको, बॉक्स माईकच्या पुढे आणि तोंड लोकांकडे, म्हणजे शिट्टी वाजत नाही. मशीनच्या पंख्यासमोर चादर, हारांच्या टोपल्या ठेवू देऊ नका.

शिस्तीत कायदाही आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सणावाराला राज्य सरकार ठरावीक दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतं, तेवढीच. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. स्पीकरला लेखी परवानगी लागते. ऑर्डर घेतानाच यजमानांकडून परवानगीची प्रत घ्या आणि फाईलला लावा. १० वाजले की वायर काढा. मशीन जप्त झालं तर हप्ता यजमान भरत नाही, आपण भरतो.

आता आमच्याकडे काय बदललं ते सांगते. आमच्यातल्या तिघी जणी चार रविवार चाचांकडे गेल्या. त्यांतली एक फक्त सातवी शिकलेली आहे, पण ओहमचा भागाकार तिचाच सगळ्यात पक्का. प्रत्येक बॉक्सवर आम्ही पांढऱ्या रंगाने मराठीत मोठं लिहिलं : ओहम किती, वॅट किती. मशीनवर लिहिलं : एका बाजूला दोनच बॉक्स. सामानाची वही केली. काय गेलं, काय आलं, कुणी जोडलं, लाल दिवा लागला का, सगळं त्यात. बाहेरचा बॉक्स जोडायचा तर आधी त्याची पाठ वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. पुतण्याला आता प्रत्येक ऑर्डरचे ४०० रुपये मिळतात, कारण फुकटच्या माणसाला जाब विचारता येत नाही.

तरी सगळं गोड झालं असं नाही. दोन महिन्यांचा हप्ता आम्हाला अंतर्गत बचतीतून भरावा लागला, एकीचं बियाण्यासाठीचं कर्ज लांबलं. आज पाच हप्ते राहिलेत. पण तेव्हापासून एकही बॉक्स जळलेला नाही. गेल्या महिन्यात त्याच शेजारच्या गावातून ऑर्डर आली, आणि जोडणीला आमची सातवी शिकलेली ताई गेली होती. यजमानांनी विचारलं, “तुम्ही जोडणार?” ती म्हणाली, “मशीन आमचं आहे, मग कोण जोडणार?”

मैत्रिणींनो, साउंड तुमच्या गटात असेल किंवा नसेल. पिठाची गिरणी असेल, शेवया मशीन असेल, पाण्याची मोटार असेल. पुढच्या मीटिंगमध्ये ते यंत्र सगळ्यांच्या मध्ये ठेवा, फिरवा आणि मागची पट्टी मोठ्याने वाचा. समजलं नाही ते वहीत उतरवून दुरुस्तीवाल्याला विचारा. हप्ता आपण भरतो, तर वस्तू आपल्याला कळली पाहिजे.

आणि आमची गट सोडून गेलेली ताई हे ऐकत असेल तर तिला सांगते, अगं, तुझी जागा आम्ही अजून भरलेली नाही. मंगळवारी दुपारी ३ वाजता मीटिंग आहे, नेहमीच्याच ओसरीवर. ये.